एटीव्हीच्या इंजिनात ऑइल आणि कूलंट एकत्र होणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचगणी, महाबळेश्वर आणि तापोळ्याच्या बाजूला पर्यटकांना फेरी मारून आणणाऱ्या चारचाकी एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणाऱ्या उघड्या गाड्या, आता नवीन राहिलेल्या नाहीत. वाई आणि सातारा परिसरातील शेतघरांवरही अशा गाड्या दिसू लागल्या आहेत. पावसाळा लागला की गॅरेजच्या दारात एक तक्रार हमखास येते, ती म्हणजे "ऑइलमध्ये पाणी झाले." या तक्रारीमागची कारणे निरनिराळी असतात आणि त्यांपैकी काहींसाठी इंजिन खोलावेच लागत नाही, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे चार स्ट्रोकच्या पेट्रोल इंजिनांना धरून आहेत. जेथे माप किंवा दाब मॉडेलनुसार बदलतो, तेथे आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकडाच प्रमाण मानावा.

डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले. सर्वांत आधी काय करावे?

इंजिन पुन्हा सुरू करू नये. "जरा चालवून बघतो, गरम झाल्यावर पाणी उडून जाईल" हा विचार जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो, आणि बहुतेक इंजिनांचे खरे नुकसान त्या दहा मिनिटांत होते. पाणी मिसळलेल्या ऑइलचा थर बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये टिकत नाही, त्यामुळे धातूवर धातू घासू लागतो. कूलंटमधील (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातील) ग्लायकॉल ऑइलमध्ये तापला की त्याचा चिकट गाळ होतो आणि तो फिल्टर व ऑइलच्या बारीक वाटा बुजवतो. गाडी ढकलून किंवा पिकअपवर घालूनच आणावी.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑइल घाईने काढून टाकू नये. ते दुधाळ ऑइल हाच आपला पहिला पुरावा असतो. आधी कूलंटच्या बाटलीतील पातळी पाहून ठेवावी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचे झाकण काढून आत कूलंट काठोकाठ आहे की नाही हे पाहावे आणि मागच्या आठ-दहा दिवसांत गाडीचे काय काय झाले ते चालवणाऱ्याला शांतपणे विचारावे. गाडी ओढ्यातून गेली होती का, तापली होती का, प्रेशर पंपाने धुतली होती का, कूलंट वरचेवर घालावे लागत होते का, एवढे चार प्रश्न विचारले की निम्मे निदान बसल्या जागी होते. भाड्याच्या गाडीवरची मुले "काहीच नाही झाले" असेच पहिल्यांदा सांगतात, तेव्हा प्रश्न दोनदा विचारावा.

ऑइल दुधाळ झाले म्हणजे हेडचे पॅकिंग गेले, असे धरून चालावे का?

नाही. हेड म्हणजे सिलिंडरवरचे झाकण आणि पॅकिंग म्हणजे त्या दोघांमधली सांध घट्ट ठेवणारा पातळ थर. मोटारींच्या गॅरेजमध्ये घडलेल्या मेकॅनिकचा हात आधी हेडकडेच जातो, कारण मोटारीत बहुधा तेच कारण असते. एटीव्हीचे तसे नाही. ती चिखलात चालते, पाण्यात उतरते, आणि तिच्या अनेक इंजिनांत वॉटर पंप थेट इंजिनच्या केसिंगवर बसवलेला असतो. पंपाच्या एकाच शाफ्टच्या एका टोकाला कूलंट आणि दुसऱ्या टोकाला ऑइल असते, आणि दोघांच्या मध्ये केवळ दोन सील असतात. म्हणून आमच्या गॅरेजमध्ये संशयाचा क्रम असा आहे: प्रथम बाहेरून शिरलेले पाणी, मग वॉटर पंपाचे सील, त्यानंतर हेडचे पॅकिंग, आणि सगळ्यात शेवटी तडा गेलेले हेड किंवा सिलिंडर. इंजिनच्या कूलंटने थंड होणारा ऑइल कूलर असेल तर तोही या यादीत येतो. मात्र पुष्कळ एटीव्हींत ऑइल कूलर वाऱ्याने थंड होणारा वेगळा असतो आणि त्यात कूलंट नसतेच, तेव्हा पाइप कोठून कोठे जातात हे आधी डोळ्यांनी पाहावे.

फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरा-पिवळा फेस दिसतो, डिपस्टिकवर मात्र ऑइल स्वच्छ आहे. हा बिघाड आहे का?

बहुधा नाही. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बरेचसे सायलेन्सरमधून बाहेर जाते, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल असते त्या भागात, उतरते. इंजिन पुरेसे तापले तर ती ब्रीदरच्या (आतली हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून निघून जाते. जुलै महिन्यातील महाबळेश्वरचे धुके, गार हवा आणि दर फेरीला दहा-पंधरा मिनिटे चालून पुन्हा उभी राहणारी गाडी असे एकत्र आले की वाफ बाहेर पडण्याआधीच झाकणाच्या गार पत्र्यावर थिजते आणि तेथे ऑइलबरोबर घुसळली जाते.

अशा वेळी झाकण पुसून घ्यावे, कूलंटच्या पातळीवर पेनने खूण करावी, गाडी एकदा सलग अर्धा-पाऊण तास चालवावी आणि पुन्हा पाहावे. फेस आला नाही आणि कूलंट खुणेवरच राहिले तर काळजीचे कारण नाही. मात्र ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलावे, कारण न दिसणारा ओलावा त्यात शिल्लक असतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट रोखणारी झडप) काढून टाकलेल्या गाड्यांत हा फेस फार येतो. इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढण्याची आपल्याकडे जी पद्धत पडली आहे, ती या गार भागात तरी सोडून द्यावी.

ऑइलमध्ये मिसळलेले ते साधे पाणी आहे की कूलंट, हे कसे ओळखावे?

गाडी रात्रभर सपाट जागी हलवल्याशिवाय उभी ठेवावी. ऑइल पाण्यापेक्षा हलके आणि कूलंट पाण्यापेक्षाही जड असते, म्हणून जे मिसळून गेले नसेल ते चेंबरच्या तळाशी बसते. सकाळी ड्रेन बोल्टखाली काचेची स्वच्छ बाटली धरावी, बोल्ट पूर्ण न काढता दोन-तीन आटे सैल करावा आणि पहिले अर्धा वाटीभर पडेल तेवढेच घ्यावे. बाटली उजेडात धरली की तळाला थर दिसतो. तो हिरवा, निळा किंवा गुलाबी असेल तर प्रश्न मिटला. थर गढूळ आणि तांबूस असेल, बोटांत चोळल्यावर मातीची कचकच लागत असेल, तर ओढ्याचे पाणी बाहेरून शिरले आहे.

नेहमी एवढे सोपे नसते. गाडी बराच वेळ चालली असेल तर सगळे घुसळून एकजीव होते आणि रात्रभर ठेवूनही थर पडत नाही. तेव्हा कूलंटच्या पातळीला महत्त्व येते. रेडिएटर भरलेला असेल आणि बाटलीतील पातळीही खुणेवर असेल तर ऑइलमधील पाणी बाहेरचे समजावे. कूलंट कमी होत असेल पण खाली थेंब पडत नसेल, तर ते आतच जात आहे. ऑइलमधील ग्लायकॉल दाखवणाऱ्या चाचणीच्या पट्ट्याही मिळतात.

वास किंवा चव घेऊन ओळखण्याचा उद्योग कोणी करू नये. ग्लायकॉल गोडसर असतो आणि विषारी असतो. गॅरेजमधील कुत्री-मांजरे सांडलेले कूलंट चाटतात, त्यामुळे ते लगेच पुसून घ्यावे.

तव्यावरची चाचणी म्हणजे काय?

ऑइल किंचित धुरकट दिसते, दुधाळ म्हणावे असे नाही आणि स्वच्छही नाही, अशा वेळी ही चाचणी फार उपयोगी पडते. लोखंडी पत्रा किंवा जुना तवा साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यावर ड्रॉपरने ऑइलचा एक थेंब टाकावा. पाणी नसेल तर थेंब पसरून गप्प राहतो. पाणी असेल तर मोहरी तडतडावी तसा चर्र-तट असा आवाज येतो आणि थेंबात बुडबुडे उठतात. हजार भागांत एक भाग एवढे पाणी असले तरी हा आवाज ऐकू येतो. ही चाचणी उघड्यावर आणि डोळ्यांवर चष्मा लावून करावी, तवा धुरेपर्यंत तापवू नये, आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ती मुळीच करू नये.

वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्राबद्दल मेकॅनिक बोलतात. त्याचे काम काय?

पंपाच्या शाफ्टवर कूलंटच्या बाजूला मेकॅनिकल सील आणि इंजिनच्या बाजूला ऑइल सील असते. दोघांच्या मध्ये थोडी मोकळी जागा असून तिच्या तळाला बाहेर उघडणारे एक छिद्र असते. मेकॅनिकल सील गळू लागले तर कूलंट या छिद्रातून जमिनीवर पडते, ऑइल सील गळू लागले तर ऑइल पडते, आणि एकाचे दुसऱ्यात मिसळण्याआधी मालकाला खबर मिळते. म्हणून हे छिद्र गळत असेल तर त्याला एम-सील लावून बुजवणे हा सगळ्यात महागडा उपाय ठरतो. असे बुजवलेले छिद्र आम्ही एकदा नाही, अनेकदा पाहिले आहे.

पण ते आपोआपही बुजते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर जांभा दगड आहे आणि त्याची तांबडी माती बारीक व लोहयुक्त असते. ती छिद्रात शिरून वाळली की खिळ्यासारखी घट्ट बसते. बाहेर जायची वाट बंद झाल्यावर गळणारे कूलंट दोन सीलांच्या मधल्या जागेत साठते आणि शेवटी ऑइल सीलच्या ओठाखालून इंजिनमध्ये उतरते. ते सील इंजिनमधील ऑइल अडवण्यासाठी बसवलेले असते, त्यामुळे पलीकडून येणाऱ्या कूलंटच्या दाबाला ते पुरे पडत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी वाईहून एक गाडी आली होती आणि तिचे ऑइल ताकासारखे झाले होते. मी विचार न करता हेड उतरवले, पॅकिंग बदलले, हेड फेसिंग करून (घासून सपाट करून) आणले आणि गाडी दिली. आठवड्याने ती पसरणी घाट चढून परत आली, ऑइल पुन्हा तसेच. तेव्हा कोठे मी गाडीखाली आडवा झालो. पंपाखाली छिद्र दिसेचना. बोटाने चाचपत गेलो तेव्हा एक खोलगट जागा लागली, तेथे क्लच केबलची तुटकी तार घातली आणि फिरवली. पेन्सिलच्या टोकाएवढा तांबड्या मातीचा खडा निखळून तळहातावर पडला आणि त्याच्या मागोमाग हिरवा थेंब, मग दुसरा, मग बारीक धार. मालकाला पॅकिंगचे पैसे परत दिले. तेव्हापासून गाडी दारात आली की आम्ही पाना हातात घेण्याआधी तार हातात घेतो.

छिद्र मोकळे केल्यावर कूलंट गळू लागले तर दोन्ही सील एकाच वेळी बदलावीत. ज्या ऑइल सीलवरून कूलंट गेले आहे, ते पुन्हा वापरून पैसे वाचत नाहीत. शाफ्टवर सीलच्या ओठाने चर पाडली असेल, नखाला ती लागत असेल, तर शाफ्टही बदलावा लागतो. मेकॅनिकल सीलचा गुळगुळीत चेहरा बोटांनी हाताळू नये, त्यावर ग्रीस लावू नये, आणि सील हातोडीने ठोकून न बसवता योग्य मापाच्या सॉकेटने सरळ दाबून बसवावे.

मग हेडचे पॅकिंग गेल्याची खात्रीची लक्षणे कोणती?

दुधाळ ऑइलपेक्षा इतर खुणा अधिक बोलक्या असतात. गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो, कूलंट बाटलीतून उसळून बाहेर पडते, सकाळी थंड इंजिन चालू करताच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) काही क्षणांतच दगडासारखा कडक होतो. प्लग काढल्यावर पिस्टनचा माथा काळा न दिसता एका बाजूने धुतल्यासारखा स्वच्छ दिसत असेल, तर तेथे कूलंटची वाफ लागत आहे हे जवळजवळ नक्की समजावे.

खात्रीसाठी तीन चाचण्या आहेत. पहिलीत रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी बसवून आतली हवा त्यातून ओढतात. जळलेल्या पेट्रोलचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्राव निळ्याचा पिवळा होतो. नळीत कूलंट ओढले गेले तर द्राव वाया जातो, म्हणून आधी रेडिएटरमधील पातळी थोडी खाली करावी. या चाचणीसाठी इंजिन चालू करावे लागते, तेव्हा त्याआधी दुधाळ ऑइल आणि फिल्टर बदलून घेणे अपरिहार्य आहे.

दुसरी लीक-डाउन चाचणी इंजिन बंद ठेवूनच करायची असते, आणि माझा भरवसा तिच्यावर अधिक आहे. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकमध्ये अगदी वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावून बसायचे. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग किंवा हेड, ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. हवा सोडताना पिस्टन खाली ढकलला जाऊन क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) झटक्याने फिरू शकतो, त्यामुळे तो पान्याने पक्का धरून ठेवावा आणि पान्याच्या फिरण्याच्या वाटेत हात ठेवू नये.

साध्या कॉम्प्रेशन गेजवर मात्र येथे विसंबू नये. कित्येक एटीव्ही इंजिनांत स्टार्टरला सोपे जावे म्हणून कॅमशाफ्टवर दाब सोडणारी यंत्रणा असते आणि तिच्यामुळे चांगल्या इंजिनचा आकडाही कमी येतो. तो कमी आकडा पाहून नीट इंजिने खोलली गेली आहेत.

तिसरी चाचणी म्हणजे कूलंटला दाब देऊन पाहणे. ती कशी करावी?

रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप आणि गेज बसवून, इंजिन थंड असताना, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरावी. बहुतेक झाकणे ०.९ ते १.१ बारची असतात. त्यापेक्षा जास्त दाब दिला तर चांगला रेडिएटर फुटतो आणि मग निदान सोपे होते, पण चुकीचे. दहा-पंधरा मिनिटे काटा स्थिर राहिला तर व्यवस्था घट्ट आहे. काटा उतरला आणि बाहेर कोठेही ओल दिसली नाही, तर कूलंट आत जात आहे. अशा वेळी दाब तसाच ठेवून प्लग काढावा आणि बारीक टॉर्चने सिलिंडरमध्ये पाहावे. तेथे ओल असेल तर पॅकिंग किंवा हेड, सिलिंडर कोरडा असून ड्रेन बोल्टमधून कूलंट येत असेल तर पंपाचे सील. माझ्या दृष्टीने सगळ्या निदानाचा हा नाका आहे. ही चाचणी केल्याशिवाय हेडचे बोल्ट सैल करू नयेत.

त्याच वेळी झाकणही तपासावे. पाचगणी साधारण १,३०० मीटर उंचीवर आहे आणि एवढ्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९६ अंशांनाच उकळते. झाकणाचा रबर गेला की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळते, इंजिन तापते आणि हेड वाकते. आधी हेड वाकले की आधी कूलंट संपले, हा वाद मग कधीच मिटत नाही.

आमच्याकडे उलटे झाले आहे. ऑइल स्वच्छ आहे, पण रेडिएटरमध्ये तपकिरी साय जमली आहे. असे का?

इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत ऑइलचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा जास्त असतो. म्हणून दाबाच्या ऑइलची वाट आणि कूलंटची वाट यांच्यामधील पॅकिंग फाटले, किंवा कूलंटवर चालणारा ऑइल कूलर आतून फुटला, की आधी ऑइल कूलंटमध्ये जाते. इंजिन बंद केले की ऑइलचा दाब लगेच शून्य होतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब बराच वेळ टिकतो, आणि तेव्हा प्रवाह उलटा होऊन कूलंट ऑइलमध्ये जाऊ शकते. आज एकाच बाजूला दिसणारी खूण काही दिवसांनी दोन्ही बाजूंना दिसते ती यामुळे.

पण तपकिरी दिसणारे सगळे ऑइल नसते. काचेच्या बाटलीत नमुना घेऊन तासभर ठेवावा. ऑइल वर तरंगते आणि बोटाला ओशट लागते, गंज तळाशी बसतो. दोन जातींची कूलंटे एकत्र ओतल्यानेही जेलीसारखा गाळ होऊ शकतो. वॉटर पंपाचे सील गेल्याने एकट्या कूलंटमध्ये ऑइल येण्याची शक्यता कमी असते, कारण पंपाच्या त्या बाजूला ऑइल बहुधा केवळ उडत असते, दाबाखाली नसते.

ऑइल लागलेले रबरी होज फुगतात आणि मऊ पडतात, कारण कूलंटच्या होजचे रबर ऑइल सहन करणारे नसते. होज दाबून पाहावा. तो फुगीर आणि लिबलिबीत लागला तर धुऊन पुन्हा न बसवता बदलावा.

ऑइलची पातळी वाढली आहे, पण ते दुधाळ नाही. तरी पाणीच समजावे का?

ते पेट्रोल असण्याची शक्यता जास्त आहे. कार्बोरेटरची सुई अडकली किंवा इंजेक्टर गळू लागला की पेट्रोल सिलिंडरमधून चेंबरमध्ये उतरते. ऑइल पातळ होते, डिपस्टिकवरून पाण्यासारखे ओघळते आणि त्याला पेट्रोलचा स्पष्ट वास येतो. अशी गाडीही चालवू नये, कारण ऑइल पातळ होऊन इंजिन झिजतेच, शिवाय आग लागण्याचा धोका असतो.

आमची लहान एटीव्ही एअर-कूल्ड आहे. तिला हे लागू होते का?

मुलांसाठीच्या ११० आणि १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना रेडिएटर नसतो, त्यामुळे त्यांच्या ऑइलमधील पाणी बाहेरूनच आलेले असते. डिपस्टिकची ओ-रिंग, ब्रीदरची निखळलेली नळी आणि एअर फिल्टरचा डबा एवढेच पाहावे. पोलारिस स्पोर्ट्समन ५७०सारख्या मोठ्या गाड्या लिक्विड-कूल्ड असतात आणि या पानावरील बाकीची उत्तरे त्यांच्यासाठी आहेत.

गाडी ओढ्यात बंद पडली आणि एअर फिल्टरमध्ये पाणी गेले. स्टार्टर मारावा का?

मुळीच मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढावा, फिल्टरच्या डब्यातील पाणी काढून तो पुसावा, मग प्लगचे भोक मोकळे ठेवून आणि इग्निशनची तार बाजूला घेऊन स्टार्टर थोडा थोडा मारावा, म्हणजे पाणी पिचकारीसारखे बाहेर येते. ऑइल तपासल्याशिवाय गाडी चालू करू नये. त्याच दिवशी पुढचा डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स यांचे ऑइलही पाहावे, कारण त्यांचे ब्रीदर वेगळे असतात आणि गरम धातू एकदम गार पाण्यात बुडाला की आतील हवा आक्रसून पाणी आत खेचले जाते. बेल्टच्या केसिंगमधील पाणी मात्र इंजिनच्या ऑइलशी संबंधित नसते. त्याला बहुधा वेगळा ड्रेन असतो.

हेड खोलावेच लागले तर काय काय पाहावे?

जुने पॅकिंग फेकू नये. ज्या ठिकाणी ते जळले आहे किंवा त्यावरून गॅस गेल्याची काळी रेघ उमटली आहे, ती जागा हेडवर आणि सिलिंडरवर खडूने खूण करून ठेवावी. मग पृष्ठभाग साफ करून पोलादी सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या दिशांनी ठेवून तिच्याखाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहावे. अनेक मॅन्युअलमध्ये परवानगीची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असते. त्याहून जास्त वाक असेल तर फेसिंग करावे, पण हेडबरोबर सिलिंडरचा माथाही मोजावा. आपल्याकडे हेड लगेच लेथवाल्याकडे जाते आणि सिलिंडर गाडीवरच राहतो. वाकलेल्या सिलिंडरवर सरळ हेड बसवले तर पॅकिंग पुन्हा जाते. व्हॉल्व्हच्या बैठकींच्या मधला भाग आणि प्लगच्या भोकाभोवतीचा भाग तड्यांसाठी भिंगाखाली पाहावा. बोल्ट टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने आणि समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. "हाताला कळते" हे लाकडात खिळा ठोकायला ठीक आहे.

दुरुस्तीनंतर ऑइल एकदा बदलले की पुरे का? डिझेलने धुतले तर?

एकदा बदलून भागत नाही. साधारण दोन ते तीन वेळा बदलावे लागते. स्वस्त पण योग्य दर्जाचे नवे ऑइल आणि नवा फिल्टर घालून इंजिन भार न देता कोमट होईपर्यंत चालवावे, लगेच काढावे, आणि निघालेले ऑइल दुधाळ दिसेनासे होईपर्यंत हे पुन्हा करावे. शेवटी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रतीचे ऑइल भरावे. ज्या एटीव्हीत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तिथे क्लच प्लेटांतही गाळ राहतो. दुरुस्तीनंतर क्लच घसरत असेल तर प्लेटा काढून पाहाव्यात.

डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन चालवणे मला मान्य नाही. त्यात बेअरिंगला पुरेसे वंगण नसते आणि निघाल्यावरही केसिंगच्या कोपऱ्यांत शिल्लक राहून ते नवे ऑइल पातळ करते.

कूलंटच्या बाजूला ऑइल गेले असेल तर कूलिंग व्यवस्थेसाठीचे फेस न होणारे क्लीनर वापरावे. भांडी घासायच्या साबणाचा फेस रेडिएटरमधून निघता निघत नाही.

कूलंटऐवजी साधे पाणी चालेल का?

अडचणीच्या वेळी गाडी घरी आणण्यापुरते चालेल. माण-खटाव भागातील बोअरचे पाणी तर मुळीच नको, त्याच्या क्षाराचा थर रेडिएटरमध्ये आणि सीलच्या चेहऱ्यावर बसतो. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात, बहुधा निम्मे-निम्मे, मिसळून घालावे.

निघालेले ऑइल आणि कूलंट कोठे टाकावे?

गटारात, ओढ्यात किंवा धूळ बसावी म्हणून रस्त्यावर नाही. केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी हा भाग २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे, आणि कृष्णा, कोयना, वेण्णा याच डोंगरात उगम पावतात. पठारावर ओतलेले ऑइल खाली वाईच्या नदीघाटापर्यंत यायला फार वेळ लागत नाही. वापरलेले ऑइल डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे. कूलंट मिसळलेले ऑइल वेगळ्या डब्यात ठेवावे, कारण एका डब्यामुळे सगळा साठा नाकारला जातो.

दुरुस्त झालेली गाडी पुन्हा भाड्यावर कधी सोडावी?

पहिल्या दिवशी नाही. कूलंट भरल्यावर गाडीचे पुढचे तोंड उंचावर ठेवून अडकलेली हवा काढावी, गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवावी, रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळी डिपस्टिक, रेडिएटर व बाटलीची खूण या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. असे तीन सकाळी करावे. पहिल्या सकाळी कूलंट थोडे खाली गेलेले असेल तर घाबरू नये, ती बहुधा अडकलेल्या हवेची जागा असते. दुसऱ्या सकाळीही तेवढेच खाली गेले, तर गाडी सोडू नये आणि हातपंप पुन्हा रेडिएटरवर बसवावा. तिन्ही सकाळी सारे ठीक असेल तर गाडी द्यावी, आणि चालवणाऱ्या मुलाच्या किल्लीच्या जुडग्यात एक पातळ तार अडकवून द्यावी. गाडी धुतल्यावर पंपाखालच्या छिद्रात ती एकदा फिरवायची, एवढेच त्याला दाखवून ठेवावे.